विमल नावाची फाइल

कॉम्प्युटरच्या टाइपरायटरनं एक ओळ खडखडवली आणि तो गप्प झाला. डिस्कवर जागा शिल्लक नाही.

शैलानं ती ओळ वाचली. ऐंशी हजार पोरांचे निकाल नंबरवार लावायचं काम अर्ध्यावर अडकलं होतं. निकाल नुसते ठेवायला जागा होती. लावायचे म्हटले की पसारा मांडायला तेवढीच आणखी लागते. इथंच ती चुकली होती. पहिलंच स्वतंत्र काम! आणि कॉम्प्युटर चारपर्यंतच तिच्या ऑफिसचा. मग दुसऱ्या ऑफिसची पाळी, ती थेट सोमवारपर्यंत. इकडे निकाल उद्या सकाळी लागायचा होता.

सोबत काम करणारी लीना मित्र फाइलींची यादी घेऊन आली. "ही गोदामाची, ही जनगणनेची. यांना हात लावायचा नाही. पुसता येईल अशी एकच आहे गं. विमल."

विमल म्हणजे साहेबांची, दत्तात्रयकाकांची, तीन वर्षांपूर्वी गेलेली बायको. काका दुसऱ्यांच्या फाइली पुसण्यात महाकडक. "ही डिस्क आहे की माळा?" म्हणायचे आणि साफ करून टाकायचे. त्यांची स्वतःची ही भली मोठी फाइल मात्र तीन वर्षं जागची हलली नव्हती. दत्तादा बायकोला पत्रं लिहितात, असं सगळं ऑफिस म्हणायचं. बंगाली मंडळी तर कवितांवर पैज लावायला तयार. उघडून मात्र कुणी पाहिली नव्हती. तेवढी लाज सगळ्यांना होती.

शैला केबिनमध्ये गेली. "काका, जागा कमी पडली. चूक माझीच."

"मग विमल पूस," काका चहाच्या कपातून वर न बघता म्हणाले.

"ती नको हो काका..."

"घड्याळ बघ आधी."

शैलाचा हात होईना. एकदा पुसलेलं परत थोडंच येतं? निदान पहिली काही पानं छापून त्यांच्या हाती द्यावीत, असं तिनं ठरवलं.

"आपण वाचायचं नाही हं," लीना कुजबुजली. दोघी प्रिंटरकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पण नेहमीची धडधड ऐकू येईना. नुसता कागद सरकत होता, सरसर, सरसर.

शैलानं वळून पाहिलं आणि कोऱ्या पानांची चळत घेऊन ती केबिनकडे धावली. "काका, सगळं गेलं हो!"

"गेलं कुठं? काही नव्हतंच. नुसती जागा धरून ठेवली होती." काका हसले. "भवानीपूरच्या आमच्या दोन खोल्यांतली एक तिनं जन्मभर मोकळी ठेवली. गंगासागरच्या यात्रेला निघालेला कुठलाही मराठी माणूस हावड्याला उतरला की आमचाच पत्ता शोधत यायचा. मी कटकट करायचो. ती म्हणायची, येणारा काय पत्र टाकून येतो? जा, पूस आता."

पावणेचारला निकालाचं शेवटचं पान पडलं. काका बाहेर आले, पानं चाळली, मान डोलावली.

"आता तेवढ्याच मापाची फाइल परत बनव. नाव तेच."

"रिकामीच ठेवायची, तर नाव कशाला काका?"

"नुसती रिकामी जागा दिसली की तुम्ही लोक दोन दिवसांत भरता. तिच्या नावाला तीन वर्षांत कुणी हात लावला का?"