फुसकं कुलूप

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण एका फुसक्या कुलपानं दादाचा जीव वाचवला," बंडलबुवा म्हणाला.

"मागच्या खेपेला तुम्ही एका हातानं लिफ्ट थांबवली होती, भावोजी," वहिनी म्हणाली.

खुर्चीतला दादा हसला. बंडलबुवानं ऐकूनच घेतलं नाही.

तेव्हा तो इस्पितळाचं नेटवर्क सांभाळायचा. हृदयाचं औषध थेंब थेंब देणारे पंप वायफायवर चालत. प्रत्येक यंत्राला आपला नंबर. यादीत नंबर असेल त्यालाच आत प्रवेश, हेच ते कुलूप.

"नंबरची नक्कल दोन मिनिटांत होते," एक सहकारी हिणवायचा. "हे कुलूप नव्हे, कुलपाचं चित्र! काढून टाक."

"असू दे," बंडलबुवा म्हणायचा. "सताड उघड्या दारापेक्षा बरं."

त्या दुपारी पडद्यावरून नऊ नंबरचा पंप गायब झाला. आला. परत गेला. एकाच नंबरचे दोन धनी झाले होते. एक खरा, एक तोतया. चोर आत शिरला होता, पण भांडी पाडत; कुलूप नसतं, तर नक्कल करावी लागली नसती आणि चाहूलही लागली नसती.

फोन वाजला. नर्स ओरडत होती, "नऊ नंबर अडकतोय! पेशंट निळा पडतोय!"

"पंप सोडा, हातानं औषध द्या!"

नवव्या खाटेवर त्याच सकाळी दादाला हलवलं होतं. बेशुद्ध.

बंडलबुवा जिने चढत सुटला. तोतया तिसऱ्या मजल्यावरच्या वायफायच्या डब्यातून शिरला होता. त्या डब्याखाली चादरींची खोली, दार आतून बंद. त्यानं खांदा मारला. एकदा, दोनदा. दार मोडलं. खिडकी उघडी, चोर पसार. आजतागायत सापडला नाही.

"बाई गं," वहिनीनं पदर तोंडाशी धरला. "कसलं काळीज म्हणायचं त्याचं!"

"काळीज?" बंडलबुवाचा आवाज उतरला. "दारावर धक्के बसत होते, तसा तो चादरींत तोंड खुपसून थरथरत होता. घशाला कोरड. लॅपटॉप बंद करायला बोट उचलेना. सारखं एकच पुटपुटत होता, 'मला फक्त दाखवायचं होतं, कुलूप कुचकामी आहे म्हणून. देवाशपथ, त्या खाटेवर दादा आहे हे मला ठाऊक नव्हतं.'"

वहिनीचा पदर तोंडाशीच राहिला.

दादा खुर्चीत सावकाश पुढं झुकला.

"का रे," तो म्हणाला, "त्या चोराचा मी दादा कधीपासून झालो?"