मृगाची चाकं

जो माणूस आपल्या मोटारीचं चाक दुसऱ्याच्या हाती देतो, तो आपलं नशीबही दुसऱ्याच्याच हाती देतो. पवनीचे केशवराव वकील हे वाक्य नेहमी उभं राहून म्हणत. त्या दिवशी सकाळी मात्र ते मोटारीखाली आडवे होते.

मोटार जुनी फियाट होती आणि तिला चाकांचे दोन संच होते. उन्हाळ्यात झिजून गोटा झालेली, पावसाळ्यात नक्षीची. नक्षीची चाकं आठ महिने वकिलांच्या पलंगाखाली झोपत. पंचांगात मृग लागला की ती बाहेर येत, मग आभाळात ढग असो वा नसो.

"आजच कायले?" बायकोनं, सत्यभामाबाईंनी विचारलं.

त्या ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. त्यांच्या भावाच्या, भोजराजच्या मुलीचं कोंढ्याला अकरा वाजता साक्षगंध होतं. नवरीला पहिलं कुंकू आत्यानं लावायचं, अशी त्यांच्या घरची रीत. आत्या एकच होती.

"अर्ध्या तासाचं काम," मोटारीखालून उत्तर आलं.

वकिलांनी आधी जॅक चढवला, मग नट फिरवायला घेतला. नटाबरोबर चाकही फिरू लागलं. जॅक उतरवून ते पान्यावर उभे राहिले. नट हलला नाही, वकील हलले. तासाभरानं नट हलला. जॅक पुन्हा चढवला तेव्हा मोटार वर जाण्याऐवजी जॅकच अंगणात खाली जाऊ लागला. मग स्वयंपाकघरातला पाटा त्याच्याखाली आला. सत्यभामाबाई पाट्याकडे बघत राहिल्या.

घरचा गडी गोमाजी जन्मभर बैलांच्या मागे चाललेला. दमणी जुंपतो, बाईले आरामात नेतो, असं त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. दारी मोटार असताना बैलांनी साक्षगंधाला जाणं म्हणजे वकील दिलेला असताना पक्षकारानं स्वतःच बोलणं, असं केशवरावांनी त्याला समजावलं. गोमाजीला ते पटलं नाही. तो विटा आणायला गेला.

मोटार विटांवर चढली. पहिलं चाक काढलं, तर त्याच्यामागचं ब्रेकवरचं लोखंडी ताटही ओढल्यासरशी हातात आलं. असं आधी कधी झालं नव्हतं. वकिलांना ही प्रगती वाटली. उरलेल्या तिन्ही चाकांशी त्यांनी तसंच केलं आणि चहा प्यायला आत गेले. परत येऊन ताटं लावली, नक्षीची चाकं लावली. नट एकही उरला नाही, हे त्यांनी सत्यभामाबाईंना मुद्दाम सांगितलं.

साडेदहाला तिघं निघाले. गोमाजी मागे, मांडीवर नारळांची टोपली. मोटार कधी नव्हे इतकी अलगद पळत होती. वाटेत बैलबंडी आडवी आली नाही की गुरं आली नाहीत. थांबायचं कारणच पडलं नाही. कोंढ्यात शिरताच मांडव दिसला. भोजराज दारात हात जोडून उभे होते. मोटार त्यांच्यासमोरून गेली.

"अजी, थांबवून कायले नाही राहिले?"

"थांबवूनच राहिलो."

वकिलांनी हँडब्रेक ओढला. तो हातभर वर आला आणि वरच राहिला. मागून गोमाजी समाधानानं म्हणाला, "चाकाच्या आत सारं कोरडं ठण्ण होतं, मालक. तुमी चहा पिऊन राहिले तवा चारीले बंडीच्या आसाचं ओंगण देलं, चांगलं चोपडून. आता सालभर पाहाचं काम नाही."

मारुतीचं देऊळ गेलं. शाळा गेली. गावाबाहेर धानाच्या तणसाच्या ढिगात मोटार आपणहून थांबली.

तिघं डोक्यावरचं तणस झाडत पायी परत आले. पुढे सत्यभामाबाई, हातात कुंकवाचा करंडा. अकराला पाच मिनिटं कमी होती. वकिलांनी भोजराजना घड्याळ दाखवलं.

भोजराजनी घड्याळ पाहिलं. गुरुजींना अड्याळला दुसरं साक्षगंध होतं, त्यामुळे नऊलाच उरकावं लागलं, असं ते म्हणाले. पाहुणेही आत्ताच गेले.

पहिलं कुंकू शेजारच्या देवकाबाईंनी लावलं होतं.