अस्वलीण काय म्हणते

सहाव्या वर्षी तापात सरिताबाईंचे कान गेले. तेव्हापासून कार्टूनचे जुने सिनेमे म्हणजे त्यांचा जीव की प्राण; आवाजाविना त्यांतलं सगळं कळायचं. पन्नाशी उलटल्यावर लेकीनं, करुणानं, त्यांना हिंगोलीला नेऊन कानाचं मशीन बसवलं. कळमनुरीत घरी परतताच त्यांनी आवडता सिनेमा लावायला सांगितला. त्यातली अस्वलीण बोलते कशी, हे त्यांना एकदाचं ऐकायचं होतं. टीव्हीवरची अस्वलीण पिल्लाशी बोलू लागली आणि सरिताबाईंनी मशीन काढून ठेवलं. “काहून काढलं?” करुणानं खुणेनं विचारलं. “ही भलतीच बाई बोलून राहिली. माझी अस्वलीण आईच्या आवाजात बोलायची.” करुणानं ती आजी कधी पाहिली नव्हती. सिनेमा पुन्हा लावून ती आईला खेटून बसली. “आता काय म्हणली?” तिनं खुणावलं. नजर न हलवता सरिताबाई म्हणाल्या, “म्हणती, ‘सरू, ऊन उतरलं, घरी चल.’”