सेक्रेटरीचं वायफाय

आमच्या इमारतीचं वायफाय सेक्रेटरीच्या ताब्यात, आणि माझं त्या माणसाशी वाकडं. मुलं लहान असताना गच्चीवर वाळत घातलेली माझी चादर त्याने जिन्यात फेकली होती. ते मी मेल्यावरच विसरेन. पूर्वी तक्रारी तोंडावर व्हायच्या. आता त्यासाठी माझ्या भाचीने ॲप बनवलं होतं, पण कुणाचीच तक्रार इतरांपर्यंत पोहोचेना.

"मावशी, तो वायफायवरच अडवतोय."

"मग त्याच्या वायफायवरून पाठवूच नकोस. सोसायटीच्या निवडणुकीआधी त्याचं पितळ उघडं पाडायचंय मला."

तिने ॲप बदललं. फोन वायफायला जोडलेला असला, तरी तक्रार मोबाइल डेटावरूनच जाणार होती. दुसऱ्या दिवशी अडकलेल्या सगळ्या तक्रारी घरोघरच्या फोनवर धडाधड येऊन पडल्या. मी चष्मा लावून वाचायला बसले. रेडिओ मोठा, कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या अंगावर, मुलांचे चेंडू जप्त, येताजाता टोमणे. माझी स्वतःची एक सोडली, तर बाकी सगळ्या माझ्याच विरुद्ध.

तेवढ्यात बेल वाजली. दारात सेक्रेटरी. कित्येक वर्षांनी तो माझ्याशी बोलला.



"वहिनी, मी काय उगाच अडवत होतो?"