नर्सबाईंचं वजन

"वजन किती?" घोडेवाल्याने खोगीर आवळता आवळता विचारलं.

"ऐंशी," नर्सबाई म्हणाल्या. आकडा इतक्या सहज तोंडातून गेला की त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

दरड कोसळून रस्ता बंद झाला होता आणि वरच्या वस्तीत घोडेवाल्याची लेक सकाळपासून कळा देत होती. दवाखान्याचा जिना चढतानाच बाईंना धाप लागायची, तिथे डोंगर चालून जाणं शक्यच नव्हतं. घोड्यावर मात्र त्या जन्मात बसल्या नव्हत्या.

त्याने तपकिरी घोडी निवडली होती. "चपळ आहे. तासाभरात पोचवते."

दगडी ओट्यावरून बाई कशाबशा चढल्या. जमीन एकदम लांब गेली. मागे औषधांची पेटी बांधून घोडेवाल्याने घोडीला अंगणात एक फेरी मारायला लावली. कोणालाही वर नेण्याआधी तो हे करायचाच, आणि तेवढा वेळ माणसाकडे न बघता जनावराच्या कानांकडे बघायचा.

घोडीने कान मागे पाडले. चौथ्या पावलाला ती अडखळली.

तो थांबला. "ऐंशीला ही असं करत नाही."

दर मंगळवारी बाई स्वतः गरोदर बायकांना काट्यावर उभं करत आणि कुणी साडीचं, कुणी बांगड्यांचं वजन वजा करायला लागली की तिला फैलावर घेत.

"वर एक वळण आहे बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिथे हिचा गुडघा गेला तर तुम्ही गेलात, ही गेली, आणि वर माझी पोर..."

बाईंना त्या वळणाची भीती होतीच. पण खरा आकडा सांगायची भीती त्याहून मोठी निघाली, आणि याची त्यांना इतकी लाज वाटली की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एकशे बारा."

तो हसेल असं त्यांना वाटलं होतं. त्याने त्यांना उतरवलं आणि घोडीच्या पाठीवरून दोन बोटं दाबत नेली. "आणि पेटी?"

"बारा किलो," बाई म्हणाल्या. "नऊ सांगणार होते."

मागच्या तबेल्यातून त्याने ओंडके ओढणारा पांढरा घोडा आणला. पाठ पलंगाएवढी. बाई चढल्या, फेरी झाली, कान पुढेच राहिले.

"हा पेलेल. पण घाई याला ठाऊक नाही. दोन तास लागतील."

मग त्याने लेकीला फोन लावला आणि तो बाईंकडे दिला.

"बाबा, निघालात का?"

"मी नर्सबाई बोलतेय, बाळा."

"बाई, किती वेळ लागेल? मला फार भीती वाटतेय."

एक तास, असं अगदी ओठांवर आलं होतं. बाईंनी मोकळ्या हाताने आयाळ घट्ट धरली.

"दोन तास," त्या म्हणाल्या. "मलाही भीती वाटतेय. फोन ठेवू नकोस."