समोर काय आहे

“पट्टी मोकळी आहे का, मास्तर?” कॅप्टननं विचारलं.

सुकदेव मास्तरांना वाटलं, साहेब थट्टा करताहेत. धावपट्टीच्या मधोमध, हाकेच्या अंतरावर, रतिलाल शेठची काळी मोटार उभी होती.

“मोटार आहे, साहेब. शेठची.”

“हां, तीच म्हणत होतो.” कॅप्टन मोटार सोडून भलत्याच बाजूला पाहत म्हणाला.

धुळ्याबाहेर, आग्रा रोडलगतचा माळ दुपारच्या उन्हानं तापला होता. लढाई संपल्यावर शेठनं लिलावात घेतलेलं दोन बैठकांचं उघडं विमान तिथं उभं होतं आणि भोवती निम्मं गाव लोटलं होतं. शेठच्या धाकट्या भावाचं, मगनचं, कालच लग्न झालं होतं. आज कॅप्टन त्याला नव्या नवरीच्या डोळ्यांसमोर आभाळात फिरवून आणणार होता.

मास्तर कॅप्टनकडे बघतच राहिले. वर्षभर ते दर रविवारी पहाटे याच माणसाकडून विमान चालवायला शिकत होते. वर गेलं की पुढच्या बैठकीतून, बोलायच्या रबरी नळीतून कॅप्टनचे प्रश्न यायचे. खाली काय दिसतं? पट्टीवर ढोरं आहेत का? जमीन किती राहिली? मास्तरांना ती परीक्षा वाटायची. वर्गात तेही पोरांना असेच विचारायचे, उत्तर स्वतःला ठाऊक असताना.

ते कॅप्टनच्या अगदी जवळ गेले.

“साहेब, तुम्हाला दिसत नाही.”

कॅप्टननं गॉगल कपाळावर सरकवला. बुबुळांवर साय धरली होती.

“पहाटे दिसतं थोडंफार. उन्हात पट्टीचा पांढरा चुना तेवढा दिसतो.”

“मग शेठना सांगा तसं.”

“सांगतो. शेठ विमान विकून टाकतील. माझं जाऊ द्या.” कॅप्टनचा आवाज खाली आला. “पण पुढच्या रविवारी तुम्हाला एकट्याला वर सोडायचं ठरवलं होतं मी.”

मास्तरांनी विमानाकडे पाहिलं. एकट्याला. शाळेत त्यांच्या माघारी त्यांना ‘इमानवाला मास्तर’ म्हणत, आणि हसत. चाळिशी उलटून गेली होती. हे विमान गेलं तर दुसरं कुठून यायचं?

तेवढ्यात रतिलाल शेठ घाम पुसत आले.

“मोटार काढायला सांगितली बरं का. मास्तर, तुम्ही यातले जाणकार. सगळं ठीक आहे ना?”

कॅप्टन बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला.

“ठीक आहे, शेठ,” मास्तर म्हणाले.

कॅप्टन मागच्या बैठकीत बसला आणि मगन हसत हसत पुढच्या बैठकीत चढला. त्याच्या हाताची हळद अजून गेली नव्हती. मास्तरांनी त्याचा पट्टा बांधला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला.

“मास्तर, जीव घ्याल का माझा?” मगन म्हणाला, आणि जवळचे सगळे हसले.

मास्तरांनीच पंखा फिरवला. इंजिन धडधडलं. धुळीचा लोट उठवत विमान पळालं, हललं, उचललं गेलं. माळावर एकच टाळ्या झाल्या. मोटारीशी उभ्या असलेल्या नवरीनं पदराआडून वर पाहिलं.

विमान एक फेरी मारून पट्टीच्या अंगाला आलं, खाली झुकलं आणि एकाएकी पुन्हा वर गेलं. लोकांना ती करामत वाटली. दुसऱ्या फेरीलाही तसंच झालं. टाळ्या आणखी वाढल्या. शेठ कुणाला तरी सांगत होते, “लढाईतला माणूस आहे. बघा, कसा खेळवतो!”

मास्तरांची बायको तानुबाई गर्दीतून वाट काढत त्यांच्याजवळ आली.

“बठ्ठा लोक हासी ऱ्हायनात, नि तुमनं तोंड काबर असं?” मग तिनंही वर पाहिलं. “ते आते खाले काबर येत नई?”

 मास्तर पट्टीकडे पाहत होते. तिची कड दाखवायला सकाळी मारलेला चुना गर्दीच्या पायांनी पार पुसून गेला होता. त्या पिवळ्या माळावर आता पांढरं असं एकच उरलं होतं. टोप्या आणि धोतरं. माणसांची लांबच लांब, सरळ रांग.

विमान वळलं. तोंड बरोबर त्या रांगेकडे आलं.

“पळा!” मास्तर हात पसरून धावत सुटले. “बाजूला व्हा! पळा रे!”

टाळ्यांच्या गजरात कुणाला काही ऐकू गेलं नाही. मास्तरांना हात हलवताना पाहून लोकांना वाटलं, ते विमानाला बोलावताहेत. एकानं डोक्यावरची टोपी काढून उंच हलवली. मग शेजारच्यानं. बघता बघता सगळी रांग टोप्या हलवू लागली.

वर इंजिनाचा आवाज एकदम बारीक झाला. जमीन सापडली की तो असाच बारीक करतात, हे त्या सगळ्या माळावर फक्त मास्तरांना माहीत होतं.