कान नसलेला

"साप! साप!" उम्म नायफने बोंब ठोकली आणि डोंगराच्या कुशीतली ती अख्खी गल्ली धावत सुटली. कुणी फावडं उचललं, कुणी चप्पल हातात घेतली, एकजण तर कॉफीचा पेला घेऊनच पळत आला. शेजारची रुदैना दारात उभी राहून बघत होती. यांच्या पायांत एवढा वेग आहे, हे तिला आजच कळत होतं.

उम्म नायफ आणि रुदैनाच्या घरांमधल्या सामाईक भिंतीच्या बुडातून गांडुळाएवढा एक गुलाबी जीव सरपटत बाहेर आला होता. उम्म नायफचा नवरा अबू नायफ तो जीव चिमटीत धरून हसतच सुटला.

"अगं बाई, हा आंधळा साप! मुंग्यांची अंडी खाऊन जगतो बिचारा. विष नाही की काही नाही. फार तर शेपटीचं टोक टोचेल."

"मग जमिनीखालचा जीव भर उन्हात वर कशाला आलाय?" उम्म नायफने विचारलं.

"डोळे नाहीत, कान नाहीत, पण हादरा बरोबर कळतो त्याला. इथंच कुठंतरी काहीतरी जोरात आदळलं असणार."

रुदैनाने डोक्यावरचा रुमाल मागे ओढला. कपाळावरचं रक्त अजून ओलं होतं.

"माझं डोकं आदळलं, अबू नायफ. तुमच्याच भिंतीवर. नवरा धरून आपटत होता आणि मी तुम्हां सगळ्यांना नावानं हाका मारत होते."

तिने हात पुढे केला.

"द्या त्याला इकडे. अख्ख्या गल्लीतून हा एकटाच बाहेर आला."